चिमटीचा हात

शेळी सकाळपासून अडली होती. ऊन डोक्यावर आलं तरी सुटका नव्हती, आणि शेळीवाल्याचा आवाज एकेक पट्टी वर चढत होता.

“हात घाल म्हणतो ना. पाच मिनिटांचं काम. याआधी कधी केलं नाहीस का?”

पोरगी गोठ्याच्या दारापासून तीन पावलं लांब उभी होती, दोन्ही हात पाठीमागे. तिनं मानेनंच नकार दिला.

मी त्यांची शेजारीण. कपडे शिवते, म्हणून सगळे शिवणकाकू म्हणतात. आमच्या दोन घरांत एकच भिंत, तीही मातीची, त्यामुळे त्यांच्या घरातलं काही ऐकायला मला कान लावावा लागत नाही. मशीन थांबवून मी गेले. वारा असा सुटला होता की दाराशी पोचेपर्यंत दातांत माती आली.

करडू पोटात आडवं आलं की मोठ्या माणसाचा हात आत चालत नाही. शेळीवाल्याचा पंजा फावड्याएवढा. बायकोचेही हात काम करून करून रुंद झालेले. म्हणून सात वर्षांची असतानाच आजोबांनी नातीला शिकवलं होतं. डोळे मिट, बोटांनी बघ, पाय कुठला न् मान कुठली ते सांग. तिचा हात जेमतेम चिमटीएवढा, म्हणून नावच चिमटी पडलं. तिच्या हातून नऊ करडं जिवंत निघाली होती. आजोबा प्रत्येकाला तीच गोष्ट सांगायचे, ऐकून ऐकून आम्हाला पाठ झाली होती.

मग तो आजार आला. शाळेला कुलूप, रस्ते ओस, सगळ्यांची तोंडं बांधलेली. शेळीवाल्याला आजारावरचा एकच इलाज ठाऊक होता. शेळी आजारी पडली की तिला कोपऱ्यात बांधायची, मध्ये चुन्याची रेघ ओढायची, आणि रेघेपलीकडे कुणी जायचं नाही. घरातही त्यानं तेच केलं. म्हाताऱ्याला जपायचं म्हणून मागच्या खोलीत ठेवलं, उंबऱ्याशी रेघ ओढली आणि पोरीला सांगितलं, “ही ओलांडलीस तर आजोबा मरतील.”

आठ वर्षांच्या पोरीला असं सांगितलं, आणि आम्हा मोठ्यांपैकी एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मी तर वर म्हणाले, बाबांचं ऐक गं बाई. उरलेल्या कापडातून तिला फुलाफुलांचा मास्कही शिवून दिला.

चाळीस दिवस पोरगी रेघेच्या अलीकडे बसून आजोबांशी गप्पा मारत होती. एका दुपारी सगळे शेळ्यांमागे गेले असताना म्हाताऱ्याला जोराचा ठसका लागला. तांब्या लवंडला. श्वास घेता येईना. चिमटीनं रेघ ओलांडली, पाणी पाजलं, पाठ चोळली. चौथ्या दिवशी आजोबांना ताप भरला. पुढच्या आठवड्यात गाडी आली आणि त्यांना घेऊन गेली. परत काही आलं नाही, नुसता निरोप आला.

त्या रडारडीत बापानं पोरीला एकदाच विचारलं, “रेघ ओलांडली होतीस?”

ती हो म्हणाली. तो पुढे काही बोलला नाही.

आता खरं सांगते. म्हाताऱ्याला ताप येण्याच्या आठवडाभर आधी शेळीवाला बंदी असताना चोरून जनावरांच्या बाजाराला गेला होता. आल्यावर दोन दिवस अंग दुखतंय म्हणत पडून राहिला. भाजीत मीठच नाही म्हणून बायकोवर ओरडला, ते मला भिंतीपलीकडे ऐकू आलं. आणि म्हाताऱ्याचं ताट रोज तोच आत नेऊन ठेवत होता, कारण रेघ त्याच्यासाठी नव्हती. हे त्याला कळलं होतं, बायकोला कळलं होतं, मलाही कळलं होतं. आम्ही तिघंही गप्प बसलो.

आजार ओसरला. शाळा उघडली, आणि हात सर्वांत जास्त वेळा धुणारी मुलगी म्हणून गुरुजींनी चिमटीला बक्षीस दिलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. ती कुणाला शिवत नाही, आईच्या कुशीत झोपत नाही, स्वतः बाटलीनं वाढवलेल्या शेळीलाही लांबून पाला टाकते, हे दिसत होतं. आम्ही म्हणायचो, किती समजूतदार आहे. हातांची सालटं निघायला लागली तेव्हा आईनं साबण लपवला, तर ती राखेनं धुवायला लागली. मग दवाखाना झाला. मलम मिळालं, हातांना लावायचं.

आज जी अडली होती, ती तीच बाटलीवर वाढलेली शेळी.

शेळीवाल्यानं तिच्या पोटावर तळवा ठेवला आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “आत काही हलत नाही. करडू गेलंय. निदान ही तरी वाचू दे.” मग पोरीकडे वळून मोठ्यानं म्हणाला, “ये लवकर. करडू तुझी वाट बघतंय.”

“मी हात लावला तर मरेल,” चिमटी म्हणाली.

“काही मरत नाही. ही भीती आज मोडूनच टाकू.”

त्यानं तिचं मनगट धरलं आणि ओढत आणलं. मी “अहो, राहू द्या” म्हणाले, पण पुढे झाले नाही. पोरीनं डोळे मिटले. बोटं काही विसरली नव्हती. पाय सापडला, मान सरळ झाली आणि करडू बाहेर आलं. ओल्या फडक्यासारखं मातीवर पडलं आणि तसंच राहिलं.

चिमटी रडली नाही. “मी सांगितलं होतं, बाबा,” म्हणाली आणि हात धुवायला गेली.

चिमटीची आई पाण्याची बादली घेऊन उभी होती. ती नवऱ्याला म्हणाली, “आता तरी सांगा तिला. तुम्ही नाही सांगितलं तर मी सांगते.”

तो धुण्याच्या दगडापाशी गेला आणि पोरीसमोर उकिडवा बसला. “करडू आधीच गेलं होतं गं.”

“तुम्ही म्हणालात वाट बघतंय.”

“खोटं बोललो. आजोबांचंही तसंच. तू काही केलं नाहीस. आजार मी आणला, बाजारातून.”

तिचे हात थांबले. “तुम्हाला कधी कळलं?”

“तेव्हाच.”

“आईला?”

आईनं बादली खाली ठेवली.

“काकूंना?”

माझी नजर खाली गेली. मला वाटलं होतं, खरं कळलं की पोरगी मोकळी होईल, बापाच्या गळ्यात पडून रडेल. तिनं साबण उचलून बापासमोर ठेवला आणि तीन पावलं मागे सरकली.

“धुवा. वीसपर्यंत मोजायचं.”

तो धुवायला लागला. ती मोजत होती. मागे शेळी मेलेलं करडू चाटत होती. वीस झाल्यावर चिमटी म्हणाली, “अजून,” आणि त्यानं पुन्हा धुतले. मग आईनं धुतले, न सांगता.

आईचं झाल्यावर चिमटीनं पायानं साबण माझ्याकडे सरकवला. मी बांगड्या वर सारल्या.