चार नंबरची टाकी

कशेळीच्या खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गोडाऊनांची रांग संपते, तिथला शेवटचा गाळा केसरीनाथ शेठचा. शेजारच्या गाळ्यांत कुरिअरची खोकी चढत-उतरत असायची आणि या एका गाळ्याच्या शटरखालून मात्र उकळत्या जवाचा गोडसर वास बाहेर यायचा. आत बीअर बनायची. दुकानात मिळते तशी फिकी पिवळी नव्हे. दाट, तांबूस, दोन ग्लासांत माणसाला खाली बसवणारी, आणि कडू. कडूपणा हॉप्सचा. हॉप्स म्हणजे एका परदेशी वेलाची वाळवलेली हिरवी फुलं. इतर ठिकाणी ती बेताबेताने घालतात. इथे पोत्याने पडत.

ही बीअर सुरू केली शैलेशने, आणि शैलेश गेला तो चार नंबरच्या टाकीत. त्याला आता वर्ष होत आलं होतं.

टाकीतली बीअर काढून घेतली की तळाला हॉप्सचा हिरवा चिखल उरतो. त्याच्यावर आंबताना सुटलेला वायू साचून राहतो, दिसत नाही, हवेपेक्षा जड, श्वास कोंडणारा, विहिरीतल्या पाण्यासारखा. हे शैलेशला गाळ्यात सगळ्यांत चांगलं ठाऊक होतं. तरी चिखल ओढायचं फावडं आत पडलं, तेव्हा ते घ्यायला तो बाजूच्या दारातून कमरेपर्यंत आत वाकला. मेघाली, त्याची मदतनीस, त्या दिवशी पदवीदान समारंभाला गेली होती. पिंपं उचलणाऱ्या महादूला बाहेर फक्त त्याचे पाय दिसले.

मेघालीने मायक्रोबायॉलॉजी केलं होतं. तिची आई कामतघरच्या चाळीत सगळ्यांना सांगायची की पोरगी औषधाच्या कंपनीत आहे. शैलेशनंतर बीअर बनवायचं सगळं काम तिच्यावर आलं. कृती तीच ठेवली, यीस्टही तेच. यीस्ट शैलेशने अकलोलीच्या वरच्या बाजूला, त्याच्या पाड्यावरच्या मोहाच्या फुलांवरून आणलं होतं आणि महिनोन्महिने निवडून वाढवलं होतं. एका घाणातलं, म्हणजे एका वेळी बनवलेल्या बीअरमधलं, थोडं काढून पुढच्या घाणात घालायचं, अशी त्याची ओळ चालू होती.

चार नंबरची टाकी मात्र कोणी वापरली नाही. वरून फवाऱ्याने धुतली, वायू भरला, दार आवळून बंद केलं. तिच्या वरच्या टोकातून एक नळी खाली येऊन पाण्याच्या बादलीत बुडवलेली होती, म्हणजे आतला वायू बाहेर जाईल पण बाहेरची हवा आत शिरणार नाही.

त्या बादलीत बुडबुडा यायचा.

दुपारी आला तर त्यात नवल नव्हतं. पत्रा तापतो, आतला वायू फुगतो, नळीतून निघतो. पण सकाळी, टाकी गार पडलेली असताना, उलट व्हायला हवं. वायू आकसून पाणी नळीत थोडं वर चढायला हवं. मेघाली सकाळी यायची तेव्हा पाणी वर चढलेलं नसायचं. ती बघत उभी राहायची आणि नळीच्या तोंडाशी एक बुडबुडा हळूच धरायचा, मोठा व्हायचा आणि सुटायचा. बुडुक. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा.

तिने वायूची लाइन बंद करून पाहिली. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावलं. कुठेच फेस आला नाही. आत उरलंसुरलं काही आंबत असेल म्हणावं, तर धुतलेल्या टाकीत वर्षभर पुरेल एवढी साखर कुठून येणार? नळी बदलली. बादली बदलली.

"मॅडम, तुम्ही सगळं बदला," महादू लांबूनच म्हणाला. "जो आत हाय तो तोच हाय ना."

"आत काही नाहीये, महादूदादा."

"मग बघताय काय रोज?"

खरं म्हणजे तिला त्या आवाजाची सवय झाली होती. नवीन घाणात हॉप्स घालताना ती हात थांबवून ऐकायची.

मग शेठने टाकी विकली. नाशिककडचा कोणी घेणार होता. दुपारपर्यंत ट्रक येणार होता. आणि नेमकी त्याच सकाळी शैलेशची आई, देवकी, रिक्षातून उतरली. कमरेला पदर खोचलेला, हातात पळसाच्या पानांचा द्रोण. शैलेश गेल्यावर मेघाली पाड्यावर जाऊन आली होती, म्हणून तिने लगेच ओळखलं.

"मावशी, एकट्या आलात?"

"एकलीच. पोराला न्यायला आले."

मेघालीने तिला स्टूल दिलं, पाणी दिलं. देवकी पाणी प्याली आणि जसं बाजारहाटाचं सांगावं तसं सांगू लागली. घरी त्याचा दिवस केला. दारूची धार सोडली, नाव घेऊन हाक मारली. बाकीचे सगळे पितर आले, हा आला न्हाय. भगत म्हणाला, तो गेला तिथंच हाय. तिथल्या तोंडाशी जाऊन हाक मारा, अन् धार त्याच्या हातच्या दारूची सोडा.

"टाकी जाणार हाय म्हणं आज. महादूनं फोन केला. टाकीसंगं पोर गेला तर मी कुठं हुडकू?"

मेघालीने महादूकडे पाहिलं. तो पिंपाचं बूच फिरवत राहिला.

"त्यांनी केलेली बीअर आता एक थेंबही नाही, मावशी. ती तेव्हाच ओतून टाकली. ही मी बनवलेली आहे. यीस्ट मात्र त्यांचंच आहे, तेच पुढे पुढे चालवलंय."

"म्हंजे इरजणासारखं?"

"हो, तसंच."

"इरजण त्याचं, मग दही त्याचंच. दे."

तिने दोन नंबरच्या टाकीतून ग्लास भरला. जाड पांढरा फेस, आणि वर कच्च्या आंब्याच्या चिकाचा, पपनसाच्या सालीचा वास. देवकीने आधी वास घेतला, मग एक घोट. तिचा चेहरा असा आक्रसला की महादूला हसू आवरेना.

"कडू जहर! मुंबईवाले हे हौसेनं पितात?"

"हौसेनं," महादू म्हणाला. "वर फोटो काढतात."

देवकीने आणखी एक घोट घेतला आणि जरा थांबली. "मागून बरं लागतंय. मोहासारखं छातीत उतरतंय." तिने उरलेली बीअर द्रोणात ओतली आणि उठली. "कुठल्या तोंडाशी गेला ते दाव."

इथे केसरीनाथ शेठ मध्ये आला. तो इतका वेळ शटरपाशी उभा राहून ट्रकवाल्याशी फोनवर बोलत होता.

"मेघाली, ते दार उघडायचं न्हाय. एक गेलाय माझ्या डोक्यावर. म्हातारी आत वाकली तर?"

"वाकेल, शेठ. म्हणूनच आधी हवा मारते. पंखा लावते, यंत्राने मोजते. आकडा उतरल्याशिवाय त्यांना जवळ येऊ देणार नाही."

"आणि न्हाय उतरला तर?"

"तर दार बंद. टाकी तशीच जाईल."

शेठने देवकीकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती टाकी बघत होती. "मी बाहेर थांबतो," तो म्हणाला. "मला यातलं काय बघायचं न्हाय."

मेघालीने दाराचा आटा सोडला. दार सुटलं तसा आतून वास आला आणि तिचा हात जागच्या जागी थांबला. हॉप्सचा वास होता, ताज्या हॉप्सचा, आत्ता पाकीट फोडल्यासारखा. हॉप्स उघड्यावर ठेवले तर काही आठवड्यांतच त्यांना शिळ्या चीजचा वास सुटतो. ही टाकी तर धुऊन वर्षभर बंद होती. तिने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. पंख्याची जाड नळी आत सोडली. वायू मोजायचं यंत्र दाराशी धरलं तर ते कर्कश वाजू लागलं. ती तशीच धरून उभी राहिली. हळूहळू आवाज विरळ झाला, मग थांबला. तिने यंत्र दोरीने तळापर्यंत सोडून पाहिलं. साधी हवा. मग पंखा बंद केला.

"या, मावशी. मी तुमचा पदर धरून ठेवते."

देवकी दाराशी बसली. द्रोणातून बीअरची बारीक धार लादीवर सोडली आणि तोंड आत घालून हाक मारली. "शैल्या! चल रं घरी."

हाक लोखंडात घुमली आणि विझली.

बुडुक.

मेघालीने मान वळवली. दार सताड उघडं होतं. आत दाब नव्हता, असणं शक्यच नव्हतं; नळीतून पाण्यात काहीही ढकललं जायला जागा नव्हती. तरी बादलीतल्या पाण्यावर वलय पसरत होतं.

"शैल्या!"

बुडुक.

"ऐकतोय," देवकी बाहेर तोंड काढून म्हणाली. तिचे डोळे कोरडे होते, पण आवाज फुटला. "ऐकतोय पण उठत न्हाय. असा कसा? आईनं बोलावल्यावर कधी बसून राह्यला न्हाय तो. काम सोडून मातर कधी उठायचा न्हाय."

तिने पुन्हा हाक मारली, आणि पुन्हा. दर हाकेला बुडबुडा. द्रोणात आता तळाशी जेमतेम उरली होती. बाहेर ट्रक मागे घेतल्याचा आवाज आला.

काम सोडून उठायचा नाही. मेघालीला तो डबा खाताना सांगायचा ते आठवलं. कॉलेजात असताना तो कामतघरला कापडाच्या लूमवर रात्रपाळी करायचा. त्यांच्या खात्यात पाळी बदलताना लूम बंद करत नसत. बदलीचा माणूस यायचा, चालत्या लूमवर हात ठेवायचा आणि म्हणायचा, मी घेतला, तू सूट. तोवर पहिल्याने हलायचं नाही. बदली उशिरा आली तर उभं राहायचं. हे सांगून झाल्यावर तो हसायचा. म्हणायचा, बीअर म्हणजे लूमच आहे मेघाली, धागा तुटू द्यायचा नाही.

त्या दुपारी त्याच्या हातून काम कोणीच घेतलं नव्हतं.

तिने देवकीचा पदर महादूच्या हातात दिला. टाकीच्या थंड पत्र्यावर तळवा ठेवला. महादूसमोर तिला लाज वाटली, तरी ती मोठ्याने बोलली.

"शैलेशदादा, घाण उतरला. गाळून झाला. यीस्ट चालू आहे, चांगलं आहे. मी घेतलं. तू सूट."

मेघाली बादलीकडे बघत राहिली. पाणी थरथरलं, सपाट झालं आणि सपाटच राहिलं. दारातून येणारा वास विरत गेला. थोड्या वेळाने टाकीला नुसता ओल्या लोखंडाचा वास येऊ लागला.

देवकी उठली. कोणाचा निरोप घेतला नाही, मागे पाहिलं नाही. द्रोण तिरका धरून थेंब थेंब सांडत ती शटरबाहेर निघाली. वाटेत एकदाच, बाळाला सांगावं तसं म्हणाली, "हितं पायरी हाय." रिक्षात ती कडेला सरकून बसली, शेजारी जागा ठेवून. रिक्षावाल्याने विचारलं, "और कोई आनेवाला है क्या, मौसी?" ती म्हणाली, "आला. चल."

दुपारी टाकी गेली. लादीवर तिचा गोल ठसा राहिला. शेठ खुशीत होता; त्या जागी नवी, मोठी टाकी बसवू म्हणाला. मेघालीने हो म्हटलं, दोन नंबरमधल्या बीअरची साखर मोजली, तीन नंबरमध्ये हॉप्स घातले. बादली नसल्यामुळे गाळा फारच शांत वाटत होता.

उजेड पिवळा झाला तसे शेजारच्या गाळ्यांचे लोक बाहेर पडू लागले. महादूने दिवे मालवले आणि अर्धं शटर ओढलं.

"चला मॅडम. कशेळी नाक्यापर्यंत सोडतो."

मेघाली तीन नंबरच्या टाकीशी उभी होती, तळवा पत्र्यावर. आत यीस्ट जोरात काम करत होतं. पत्रा किंचित कोमट लागत होता. तिला घरी जायचं होतं. आईचा दोनदा फोन येऊन गेला होता. हात काढायचा आणि निघायचं, एवढंच होतं.

"मॅडम?"

"महादूदादा," ती म्हणाली, "तुम्हाला येतं का हे? थोडं तरी?"

"मला? मी पिंपं उचलणारा माणूस. इथं तुमच्याशिवाय कोणाला येतंय?"

ती मान हलवून हसली. हात मात्र तिथेच राहिला. महादू शटर धरून वाट बघत होता. पत्र्याखाली बारीक, अखंड सळसळ चालू होती, आणि ती थांबायला अजून बरेच दिवस होते.