झेंड्याच्या आतलं पाणी

मित्रांनो, जरा मान वर करा. चार उंच पायांवर उभी राहून पोटात सगळ्या गावाचं पाणी सांभाळणारी मी एक जुनी लोखंडी टाकी आहे. अमेरिकेतल्या मिसुरी राज्याच्या सपाट मुलखात, हार्लन बेंड नावाच्या लहानशा गावात, शाळेच्या मागे माझा मुक्काम आहे. मक्याच्या शेतांतून येणाऱ्याला गाव दिसायच्या आधी मी दिसते.

माझा जन्म मोठ्या मंदीतला. तेव्हा गावात कुणाच्याच हाताला काम नव्हतं. सरकारने मला उभारायचं काम काढलं आणि शेतकरी आले, न्हावी आला, चर्चमध्ये गाणं शिकवणारे मास्तरसुद्धा बाह्या सरसावून आले. तापून लाल झालेले खिळे त्यांनी माझ्या अंगात ठोकले. पहिल्यांदा नळाला पाणी आलं, त्या दिवशी बायकांनी भांडी भरली, ओतली आणि पुन्हा भरली. गरज नव्हती, नुसती गंमत म्हणून!

माझं पाणी ज्या घरात जातं तिथे माझा कानही जातो. स्वयंपाकघरातलं भांडण, मोरीतलं गाणं, आजाऱ्याच्या उशाशी पेल्यात ओतलेला घोट, हे सगळं नळांतून माझ्यापर्यंत पोहोचतं. म्हणून मला माझ्या गावाची खडान्‌खडा माहिती आहे. आणि म्हणूनच ओपल आणि लॉनी या बहीणभावाची गोष्ट मी सांगू शकते.

प्रुइट कुटुंबाचं घर माझ्या पायाशीच होतं. ओपल मोठी, लॉनी धाकटा. वडील लवकर गेले. त्यांचे मित्र एमेट स्टॅक्स, युद्धावरून परतलेले एक अबोल गृहस्थ, या दोन पोरांना नदीवर मासे धरायला नेत. पुढे ओपल परिचारिका झाली आणि जिल्ह्याच्या आरोग्य खात्यात लागली. लॉनी सैन्यात गेला, परत आला आणि पाट्या रंगवायचं काम करू लागला. दर रविवारी दोघं आईकडे जेवायला यायची. जेवणात मक्याची भाकरी असायची आणि शेवटचा तुकडा कुणाचा यावर चाळिशीतही त्यांची झोंबाझोंबी चालायची.

मग एका निवडणुकीने गावाच्या मधोमध रेघ ओढली. घरांपुढच्या हिरवळीवर उमेदवारांच्या पाट्या रोवल्या गेल्या. निवडणूक सरली तरी त्या कुणी उपटल्या नाहीत. ओपलच्या दारात एक पाटी, लॉनीच्या दारात दुसरी. त्यातच ती मोठी साथ आली आणि त्याच दिवसांत त्यांची आई गेली. अंत्यविधीला दहाच माणसं चालतील, असा नियम होता. तो नियम सगळ्यांना सांगायचं काम ओपलचं होतं. आईचे आयुष्यभराचे सोबती फाटकाबाहेर उभे राहिले. लॉनीने बहिणीला एवढंच विचारलं, "आईसाठीही नाही?" ती म्हणाली, "नियम आहे रे." त्यानंतर त्याने तिच्याशी बोलणं सोडलं. रविवार गेले, मक्याची भाकरीही गेली.

गावाला दीडशे वर्षं व्हायची होती. महापौर होते रॉयस टिल्मन. त्यांचं पशुखाद्याचं दुकान होतं. माणूस गडगडाटी, पण कुणाच्या घरी बाळ झालं की स्वतः केक घेऊन जाणारा. गावाने माझ्या सफाईसाठी आणि दुरुस्तीसाठी काही रक्कम बाजूला ठेवली होती. रॉयस म्हणाले, "या चार जुलैला, देशाच्या स्वातंत्र्यदिनी, टाकीवर आपला झेंडा हवा. असा मोठा, की पलीकडच्या जिल्ह्यातून दिसला पाहिजे." दुरुस्ती पुढे ढकलली गेली आणि रंग आणायचं ठरलं. काम अर्थात लॉनीला मिळालं.

मित्रांनो, इतक्या मायेने माझ्या अंगावरून कुणी हात फिरवला नव्हता. दोराला लटकून तो पट्टे ओढायचा, तारे भरायचा. एखादा तारा जरा वाकडा झाला तर पुसून पुन्हा काढायचा. तारे झाल्यावर तो माझ्या माथ्यावर चढला आणि तिथेच थबकला.

माझ्या माथ्यावर हवा खेळण्यासाठी एक धुराडं आहे आणि त्यावर तारेची जाळी असते. वसंतातल्या गारपिटीत ती फाटली होती. तिथून चिमण्या-कबुतरं आत शिरायची आणि काहींना परतीची वाट सापडायची नाही. आमच्या विहिरीचं पाणी खोलवरचं, निर्मळ. त्यात जंतू मारायचं औषध टाकायची गावाला कधी गरजच वाटली नव्हती. लॉनीने झाकण उचलून आत पाहिलं, नाक दाबलं आणि तडक खाली उतरला.

"रॉयस, वरची जाळी फाटलीय. आत पक्षी मरून पडलेत," तो दुकानात जाऊन म्हणाला.

रॉयस पोती मोजत होते. त्यांनी मान वर केली नाही. "किती पडलेत?"

"एक असला काय नि दहा काय? लोक ते पाणी पितात."

"अरे, आता टाकी रिकामी केली तर गाव कोरडं. पाहुणे येणार, लिंबू सरबत होणार, शाळेचा बँड वाजणार. चार तारीख होऊ दे, पाचला आपण दोघं मिळून साफ करू. शब्द देतो. आणि हे बघ, तुझ्या बहिणीच्या कानावर गेलं तर ती सगळा सोहळा बंद पाडेल."

शेवटचं वाक्य वर्मी लागलं. लॉनीने धुराड्यावर ताडपत्रीचा तुकडा बांधला आणि उरलेले पट्टे रंगवायला घेतले.

चार जुलैला काय गर्दी लोटली म्हणून सांगू! एमेट आता वृद्धाश्रमात राहत होते. त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणून त्यांच्या हस्ते माझ्यावरचा पडदा ओढला. गावातली दोन्हीकडची माणसं शेजारी शेजारी उभी राहून वर बघत होती आणि कितीजणांचे डोळे पाणावले होते. ओपलचेही. मी अभिमानाने ताठ उभी होते. खाली पिंपं भरभरून लिंबू सरबत वाटलं जात होतं. ते माझ्याच पाण्याचं होतं.

पाच तारीख आली. रॉयस दमले होते, मग पाहुणे होते, मग दुकानात माल आला. आणि गाव आजारी पडू लागलं. आधी वृद्धाश्रमात, मग लहान मुलांत. जुलाब, ताप, पोटात मुरडा. ओपल दारोदार फिरली. काय खाल्लं, काय प्यालात, विचारत गेली. गावाबाहेर ज्यांच्या स्वतःच्या विहिरी होत्या आणि जे सोहळ्याला आले नव्हते, त्यांच्या घरी सगळे ठणठणीत. तिने नळांचं पाणी बाटल्यांत भरून राज्याच्या प्रयोगशाळेत पाठवलं आणि महापौरांकडे गेली.

"रॉयस, निकाल यायला वेळ लागेल. तोवर लोकांना पाणी उकळून प्यायला सांग."

"पाण्याला काय झालंय? सोहळ्यातलं बटाट्याचं सॅलड उन्हात राहिलं होतं, ते बाधलं. गावाचा एक चांगला दिवस झाला, तोही तुला बघवला नाही का गं?"

मग ओपलनेच घरोघरी सांगायला सुरुवात केली. आणि मित्रांनो, पुढे जे घडलं ते सांगताना अजूनही मला हसावं की रडावं कळत नाही. पाणी उकळणं हीसुद्धा एक बाजू झाली! ज्यांच्या दारात एक पाटी, त्यांच्या चुलीवर पातेली चढली. ज्यांच्या दारात दुसरी, ते लोकांच्या देखत नळाखाली पेला धरून गटागटा पिऊ लागले. न्हाव्याच्या दुकानात एक जण म्हणाला, "ज्या टाकीवर आपला झेंडा आहे तिचं पाणी नासलंय म्हणायला जीभ कशी धजते त्या बाईची?" दुसऱ्याने विचारलं, "झेंडा बाहेर आहे ना बाबा, आत काय आहे ते कुणी बघितलंय?" दोघं लहानपणापासूनचे मित्र, पण एकाने केस अर्धे कापलेले सोडून वाट धरली.

आत काय आहे ते एकट्या लॉनीने बघितलं होतं. तो घरी गुपचूप पाणी उकळून पीत होता. खिडकीचा पडदा ओढून.

एका दुपारी तो एमेटना भेटायला वृद्धाश्रमात गेला. म्हातारा पार सुकला होता. ओठ कोरडे पडले होते. त्यांनी उशाशी ठेवलेला नळाच्या पाण्याचा पेला उचलला.

"एमेटकाका, ते नको," लॉनी म्हणाला.

"का रे?" एमेट हसले. "तूही बहिणीसारखा भित्रा झालास? इथल्या पोरी म्हणत होत्या, उकळून देऊ का. मी म्हटलं, टाकीवर आमचा लॉनी चढला होता. वाईट काही असतं तर त्याने सांगितलं नसतं का?"

लॉनीने त्यांच्या हातातून पेला घेतला आणि मोरीत ओतला. मग तो तिथेच, मोरीच्या कडेला दोन्ही हात टेकून उभा राहिला. पाठमोरा.

दोन दिवसांनी एमेट शहरातल्या इस्पितळात वारले. वय झालं होतं आणि अंगात काही उरलं नव्हतं.

त्यांना निरोप द्यायला सगळं गाव आलं. त्याच आठवड्यात शाळेच्या व्यायामशाळेत सभा भरली. उकाड्यामुळे खिडक्या सताड उघड्या होत्या आणि मी तर मागेच उभी. ओपलने प्रयोगशाळेचा निकाल सांगितला. पाण्यात पक्ष्यांच्या विष्ठेतून येणारे जंतू सापडले होते. लगेच आरडाओरडा झाला. "नमुने तूच भरलेस!" "कुणी बघितलेत पक्षी?" "देशाचं वाटोळं करायला निघालेली माणसं ही!" ओपल उभी होती, पण तिचा आवाज कुणाला ऐकू जाईना.

तेव्हा मागच्या रांगेतून लॉनी उठला.

"मी बघितलेत पक्षी."

सगळ्या माना मागे वळल्या.

"जाळी फाटली होती. आत मेलेली पाखरं होती. मी रॉयसला सांगितलं आणि मग गप्प बसलो. वर ताडपत्री बांधली आणि झेंडा पुरा केला."

"लॉनी, तू आमचा आहेस की तिचा?" कुणीतरी ओरडलं.

"मी एमेटकाकांचा," तो म्हणाला. "ते माझ्या भरवशावर पाणी प्याले. तो झेंडा मी रंगवलाय, एकेक तारा. त्याच्या आड घाण लपवायला तो नाही रंगवला. रॉयस, आता तू बोल. मी माझं बोललो."

रॉयसना नाही म्हणता आलं असतं. लॉनीच्या शब्दाखेरीज दुसरा पुरावा नव्हता आणि निम्मी सभा त्यांच्या बाजूने ओरडायला तयारच होती. पण ते उठले आणि म्हणाले, "त्याने सांगितलं होतं. मी थांबवलं." मग खालच्या आवाजात, "एक दिवस तरी सगळ्यांनी एकत्र उभं राहून वर बघावं, एवढंच मला हवं होतं."

ओपलच्या डोळ्यांत राग होता. पण ती ओरडली नाही. "बघितलं ना रॉयस सगळ्यांनी," ती म्हणाली. "तेव्हाच सांगितलं असतंस, तर सगळ्यांनी मिळून साफही केली असती."

रॉयसनी पद सोडलं. दुसऱ्या दिवसापासून पाण्याचे डबे घेऊन आलेल्या ट्रकवर ते स्वतः उभे राहिले. एकेक डबा उचलून घरोघरी देत गेले. एमेटच्या मुलीने त्यांच्या तोंडावर दार लावलं. त्यांनी डबा पायरीवर ठेवला. रोज ठेवत राहिले. ती दाराआडून घेत राहिली, पण त्यांच्याशी कधी बोलली नाही. ते दोघं आजही बोलत नाहीत. सगळ्याच जखमा भरतात असं नाही, मित्रांनो.

माझं पोट रिकामं केलं गेलं. आतून घासलं, धुतलं, नवी जाळी बसली. पाण्यात आता औषधही पडतं. काहींचं म्हणणं होतं, झेंडा पुसून टाका, तो बघवत नाही. ओपल म्हणाली, "राहू दे. झेंड्याची काय चूक?" गावाने नवा नियम केला. दर वसंतात दोन माणसांनी वर चढायचं, झाकण उघडून आत बघायचं आणि खाली येऊन भर सभेत सांगायचं. दोघांच्या दारातल्या पाट्या मात्र वेगळ्या हव्यात.

पहिल्या वर्षी लॉनी पुढे आला. दुसऱ्या बाजूने, उंचीला घाबरणारी ओपल.

अर्ध्या शिडीवर तिचे हात आखडले. "लॉनी, मला नाही जमत."

"खाली बघू नकोस. मी मागे आहे. पडलीस तर माझ्यावरच पडशील, आणि वजन काही कमी नाही तुझं."

"गप्प बस, मेल्या!"

किती वर्षांनी ती त्याच्यावर अशी ओरडली होती. वर पोहोचून तिने झाकण उचललं. आत काळंशार, स्वच्छ पाणी होतं आणि त्यात दोघांचे चेहरे. अगदी सारखी कपाळं, आईची.

"आईच्या अंत्यविधीला दहाच माणसं," ओपल खाली पाण्याकडे बघतच म्हणाली, "मला रोज आठवतं रे ते. नियम बरोबर होता. पण मी तुझा हात धरून सांगायला हवं होतं. फाटकात उभी राहून नाही."

लॉनीने तिच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून झाकण जपून लावलं.

मित्रांनो, तुमच्याही गावात माझी एखादी बहीण असेल. तिच्यावर कुणाचं चित्र असेल, कुणाचं नाव असेल, एखादा झेंडा असेल. तिला खुशाल नमस्कार करा, तिलाही बरं वाटेल. पण मग शिडी चढा आणि झाकण उघडून बघा. आत काय आहे ते खाली येऊन मोठ्याने सांगा, आपल्या माणसांना आधी सांगा. आणि चढताना मागे कुणालातरी ठेवा. शक्यतो ज्या माणसाशी तुमचं पटत नाही, त्यालाच.