जुळ्यातला लाकडाचा भाऊ

मी लाकडाचा मुलगा बोलतोय. वीतभर उंच आहे. केस निळीनं रंगवलेले, कमरेला विणलेल्या कापडाची अरुंद पट्टी. चेहरा म्हणाल तर आता राहिला नाही. कुणी तोडला नाही की वाळवीनं खाल्ला नाही. आईनं बावन्न वर्षं रोज सकाळी तोंड धुतलं आणि दोन बोटांनी ओठांना घास लावला, त्यातच तो झिजला. आधी ओठ गेले, मग नाक, मग डोळे.

मी कोण, ह्यावरून आमच्या घरात भांडण झालं. देव म्हणावं, भूत म्हणावं, की मुलगा? आणि आईनं मला जवळ ठेवायचं की नाही? त्या भांडणात चूक कुणाचीच नव्हती, म्हणून ते मिटवणं कुणाला जमलं नाही.

इसेयिन गावात लमीदी नावाचा विणकर होता. त्याच्या बायकोला, आवेरोला, जुळं झालं. आधी आला तो तायवो, मागून आला तो केहिंदे. आमच्यात मागून येतो तोच मोठा. तो आतून धाकट्याला म्हणतो, तू पुढं हो, जग राहण्यासारखं आहे का बघ. धाकटा रडून कळवतो, मग मोठा निवांत येतो. तेव्हापासून गावात आवेरोला कुणी नावानं हाक मारली नाही. ती इयाबेजी झाली, जुळ्यांची आई.

दहाव्या महिन्यात केहिंदे तापानं गेला. दोन दिवसांचा ताप.

जाणत्या म्हाताऱ्यानं ताडाच्या बिया मांडून कौल लावला आणि सांगितलं, "जुळ्यांचा जीव एकच असतो, बाई. अर्धा गेला, तो उरलेल्याला ओढणार. गेलेल्याला लाकडात घर करून दे. जिवंताला जे देशील ते त्यालाही दे. त्याला विसरलीस, तर तो धाकट्याला हाक मारील."

ओजेरिंदे सुतारानं मला कोरलं. झाडाची माफी मागून पांढरं, मऊ लाकूड आणलं. आईला वाटलं होतं, बाळ कोरतील. त्यानं कोरला भरल्या खांद्यांचा पुरुष. ती बघतच राहिली. तो म्हणाला, "दहा महिन्यांचं पोर कोरत नाहीत, पोरी. जसा झाला असता तसा कोरतात."

आईनं मला पाठीशी बांधलं आणि बाजारातून घरी आणलं. चवळी विकणाऱ्या बाईनं विचारलं, "इयाबेजी, जुळी बरी आहेत ना?"

"दोघंही बरी आहेत," आई म्हणाली.

तायवोला न्हाऊ घातलं की मला न्हाऊ घालायची. त्याला तेल लावलं की मला तांबड्या लाकडाची पूड चोळायची. त्याला चवळीचे वडे दिले की मलाही दोन. रात्री तो उजवीकडे, मी डावीकडे. मध्ये आई.

बाप पाच वेळचा नमाजी. चटई अंथरली की मला उचलायचा, तोंड भिंतीकडे करून फडक्यानं झाकायचा. नमाज झाला की फडकं काढून पुन्हा जागेवर. एकदा मशिदीतले मौलवी घरी आले, त्यांची नजर माझ्यावर गेली.

"लमीदी, मुसलमानाच्या घरात मूर्ती?"

"मूर्ती नाही, मौलवीसाहेब, पोरगा आहे."

"मग झाकून का ठेवलास?"

"तुमच्या घरात नमाजाच्या वेळी पोरं पाठीवर चढत नाहीत का? तसाच हाही. बाजूला केला."

मौलवी हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. "पोरानं दिलेलं पाणी मात्र नको म्हणाले," असं बाप नंतर थट्टेनं सांगायचा आणि आई त्याला वरवंटा दाखवायची. माझ्या कमरेची पट्टी बापानंच विणली आहे. मागावर मोठं काम लागलेलं असताना कडेचं सूत वाचवून. तो मला म्हणायचा, "अल्लाला मी पाहिलेलं नाही, त्याच्यापुढं कसं वागायचं ते मला शिकावं लागलं. तुला तर मांडीवर घेतलंय. ते कुणी शिकवायला नको."

तायवो सहा-सात वर्षांचा असतानाची गोष्ट. माझ्या ताटलीतल्या वड्यांकडे बघत म्हणाला, "आई, केहिंदेचे वडे मी खाल्ले तर चालेल? तो खातच नाही."

"त्याला विचार."

"विचारलं. गप्प आहे."

"मग खा. मोठा भाऊ धाकट्याला नाही म्हणत नाही."

तेव्हापासून माझे वडे रोज त्याच्या पोटात जायचे. त्या वर्षांइतका मी कधी जेवलो नाही.

मग तो मिशनच्या शाळेत गेला. बापानंच घातला. चार अक्षरं शिकली तर कापडाचे भाव तरी वाचील म्हणाला. तिथं तायवोला वाचनाचा नाद लागला आणि वाचता वाचता त्याला त्याचा देव भेटला. खोटं नाही सांगत, खरंच भेटला. त्याआधी तायवो भित्रं पोर होतं, जरा डोकं दुखलं की घरात सगळे एकमेकांकडे बघायचे, आणि ते त्याला कळायचं. केहिंदे बोलावतोय का, हे त्याच्याही मनात यायचं. शाळेतल्या पाद्र्यानं त्याला सांगितलं, तुला कुणी बोलावू शकत नाही, तुझा जीव देवाच्या हातात आहे. बारा वर्षांचं पोर त्या दिवशी पहिल्यांदा निर्धास्त झोपलं असेल. मी त्याला दोष कसा देऊ?

पण त्या दिवशी त्यानं माझ्या ताटलीला हात लावला नाही. संध्याकाळपर्यंत वड्यांना मुंग्या लागल्या. आईनं मुंग्या झटकल्या आणि वडे स्वतः खाल्ले.

वर्षं गेली. तायवो पाद्री झाला, लग्न झालं, मुलं झाली. धाकटी बहीण इदोवू मुसलमानाघरी दिली. बाप गेला, त्याला सूर्य मावळायच्या आत मशिदीवाल्यांनी माती दिली. आई ईदला नवं कापड नेसायची, नाताळात तायवोचं प्रवचन ऐकायला पुढच्या बाकावर बसायची, आणि सकाळी मला न्हाऊ घालायची. कुणी विचारायचं, "म्हातारे, तू नक्की कुणाची?" ती म्हणायची, "मी पोरांची."

ह्या वर्षी तायवोला मोठ्या चर्चचा मुख्य पाद्री करायचं ठरलं. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी एकच गोष्ट पुढं केली. इतरांना घरातल्या मूर्ती जाळायला सांगणार, आणि तुमच्या आईच्या उशाला काय आहे? आधी ते आणा, बाकीच्या गोष्टींबरोबर रविवारी चर्चमागं जाळा, मग खुर्चीवर बसा.

तायवो गुरुवारी दुपारी आला. इदोवू दारात वडे तळत होती.

"या, पाद्रीबाबा. चपला बाहेर काढा, आणि प्रवचन आणलं असेल तर तेही बाहेरच ठेवा."

"इदोवू, आज थट्टा नको." तो आत येऊन आईसमोर बसला. "आई, ते मला दे."

"ते म्हणजे काय?" आई म्हणाली. "त्याला नाव आहे."

"ते लाकूड आहे, आई. तू लाकडाची पूजा करतेस. माझा देव दुसरा देव चालवून घेत नाही."

"पूजा?" आईला खरंच कळलं नाही. "मी कधी त्याच्याकडं काही मागितलंय? देवाकडं माणूस मागतं. ह्याला मी देते. पोराला देतात तसं."

तायवो हळू म्हणाला, "माझ्या पुस्तकात त्याला वेगळा शब्द नाही."

"मग पुस्तक लिहिणाऱ्याला जुळं झालेलं नसेल."

इदोवू हसली. तायवो हसला नाही. म्हणाला, "मी जिवंत आहे ना, आई? कधीतरी जिवंत मुलाचं ऐक."

"तू जिवंत आहेस तो कशानं, ते तुला ठाऊक नाही."

"देवाच्या कृपेनं."

"असेल," आई म्हणाली. "मी काही विरुद्ध नाही. पण मी दोन्हीकडं सांभाळलं. कुठं कमी पडायला नको म्हणून."

इदोवू कढईवरून उठली. "दादा, मी नेते त्याला. माझ्या घरी ठेवीन. तुझ्या मंडळीला सांग, आईकडं काही नाही."

पण संध्याकाळी ती नवऱ्याला विचारून परत आली, ती डोळे पुसतच. नवरा हज करून आलेला. तो म्हणाला, घरात मूर्ती आली तर मी बाहेर. "बाबांसारखं झाकून ठेवीन म्हटलं," इदोवू सांगत होती, "तर म्हणतात, झाकलेलंही चालत नाही." आई बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "तुझ्या बापाच्या वेळी फडकं पुरायचं," एवढंच म्हणाली.

तीन घरं, आणि मला ठेवायला एक फळी नाही.

शनिवारी सकाळी आईनं पाणी कोमट केलं. रोजच्यापेक्षा सावकाश न्हाऊ घातलं. पूड चोळली. केसांना ताजी नीळ लावली. मग मला मांडीवर घेऊन बोलली.

"केहिंदे, तू मोठा आहेस. मोठ्यानं समजून घ्यायचं असतं. मी तुला टाकत नाही. त्याला चार माणसांत मान खाली घालायला लागू नये, म्हणून देते. आग लागेल तेव्हा माझ्यावर चीड. मला बोलाव, मी येते, माझं वय झालंय. त्याला बोलावू नकोस. तेवढं माझं ऐक."

आता जे कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. केहिंदे माझ्यात आहे की नाही, मला माहीत नाही. कधी आला असेल तर मला जाणवला नाही. मी बावन्न वर्षं वाट पाहिली. घास ओठाला लागायचा तेव्हा वाटायचं, आता आत कुणीतरी हलेल. मला कुणाला हाक मारता येत नाही. कधीच येत नव्हती. ही म्हातारी आयुष्यभर ज्याला भ्यायली, ज्याच्यासाठी रोज उठली, तो मीच नव्हे, हे तिला त्या वेळी सांगता आलं असतं तर तिचं अर्धं ओझं उतरलं असतं. आणि मग उरलेलं अर्धं तिला पेलवलं नसतं. म्हणून लाकूड गप्प होतं तेच बरं, असं मनाला समजावतो.

दुपारी तायवो आला. आईनं मला बापाच्या जुन्या कापडात गुंडाळून त्याच्या हातात दिलं. "मी उद्या चर्चला येते," म्हणाली. "घे."

तायवो गुडघ्यांवर बसला आणि रडला. इतक्या वर्षांची प्रार्थना देवानं ऐकली म्हणाला. आईला देव भेटला, असं त्याला वाटलं. तिनं त्याला वाटू दिलं. मग कापडाचं टोक उघडून त्यानं माझ्या तोंडावरून अंगठा फिरवला. हाताला काहीच लागेना. बारीक आवाजात त्यानं विचारलं, "आई, तो माझ्यासारखा दिसायचा का?"

"तू त्याच्यासारखा दिसतोस," आई म्हणाली. "त्याला दाढी कशी आली असती, केस कधी पिकले असते, ते मी तुझ्याकडं बघूनच शिकले."

त्यानं टोक झाकलं. मग मला घेऊन गेला.

आज रविवार. चर्चमागच्या अंगणात मी ढिगावर आहे. खाली इतरांच्या देवांच्या कवड्यांच्या माळा, लोखंडाचे तुकडे, कुणाची कातडी पिशवी. माझ्या वर ताडाच्या वाळक्या झावळ्या. आत गाणं चालू आहे. मघाशी टाळ्या वाजल्या त्या आईसाठी होत्या. मी तिला खिडकीतून पाहिलं. डोक्याला चांगलं कापड बांधलंय, पुढच्या बाकावर बसली आहे, आणि दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवलेत. आता काय करायचं, हे त्यांना कळत नाही.

तायवो, तू आता काडी घेऊन येशील. तुझा देव मोठा आहे, तो तुझ्याबरोबर असो. मी भिणार नाही, लाकडाला आगीचं भय असतं असं लोक उगीच म्हणतात. मागणं एकच आहे. उद्या सकाळी आई सवयीनं उठेल. आठवायच्या आत चूल पेटवेल, पाणी कोमट करेल, घमेलं भरेल. मग तिला आठवेल. त्या वेळी तू तिथं अस. काही समजावू नकोस, प्रार्थनाही म्हणू नकोस. सदरा काढ आणि तिच्याकडं पाठ करून घमेल्याजवळ बस. पाणी थंड व्हायच्या आत.