आधी मागणं

हद्दूकाकांनी सांगितलेल्या, सरकारी अंमलदार काईदसाहेबांना लिहिलेल्या अर्जाचा वरचा अर्धा भाग तूदाने फाडला आणि सरळ चुलीत घातला.

"अगं ए! त्यात काईदसाहेबांची स्तुती होती!" हद्दूकाका ताडकन उठले. "माझ्या आजोबांनी त्यांच्या आजोबांना पाठवलेले खजूर होते!"

"काका, याआधीचे अर्ज खजुरांनीच खाल्ले. मागच्या वेळी मी समोर उभी होते. साहेबांनी खजुरापर्यंत वाचलं आणि कागद बाजूला सारला. सुईण मागितली होती ती पार शेवटी."

"पाहुणा उंबऱ्यातूनच ताट मागतो का? आधी ख्यालीखुशाली. रीत आहे आपली."

रीत होतीच. ॲटलासच्या डोंगरातल्या त्या गावात शेजाऱ्याकडे कुदळ मागायची तरी बोलणं बकऱ्यांपासून सुरू व्हायचं. पण तूदाच्या वहिनीला सातवा लागला होता आणि दवाखाना खिंडीपलीकडे. तिने नवा कागद ओढला. पहिल्याच ओळीत मागणं. मग एका परिच्छेदात एकच कारण, त्याच्या पाठोपाठ त्याचाच दाखला. बर्फाने बंद होणारा रस्ता. सुईणीसाठी बांधून तयार असलेली, कुलूपबंद खोली. काकांना हा शुद्ध उर्मटपणा वाटला. पण गावाचे वडील म्हणून ते सोबत आले, तोंड फुगवून.

कचेरीत काईदसाहेबांनी पहिली ओळ मोठ्याने वाचली. "आमच्या गावाला हिवाळ्याआधी सुईण हवी." त्यांनी वर पाहिलं. "एवढी घाई? का बरं?"

तूदाने दुसऱ्या परिच्छेदावर बोट ठेवलं. तेवढ्यात काकाच बोलले.

"माझी लेक इत्तो दवाखान्याच्या वाटेवर खिंडीतच गेली, साहेब. खेचरावर. बाळही गेलं."

आजवरच्या एकाही अर्जात इत्तोचं नाव नव्हतं. तूदाने बोट उचललं.

साहेबांनी कागद अगदी खालपर्यंत वाचला. मग शिक्का ओढला. "सोमवारी पाठवतो तिला. खोली झाडून ठेवा."

गावात मशिदीपुढे माणसं जमली होती. पुरुष ओट्यावर, बायका भिंतीकडेला. काका बोलणार म्हटल्यावर सगळे ऐसपैस टेकून बसले.

"सुईण मिळाली!" काका गरजले.

क्षणभर कुणाचा विश्वासच बसेना. मग बायकांनी जिभा नाचवत अशी ललकारी दिली की कुत्री भुंकायला लागली. तूदाच्या डोळ्यांना धार लागली, आणि ती हसतही होती.

"अहो, पण कशी मिळाली? सांगा की पुढचं!" कुणीतरी ओरडलं.

"पुढचं हिला विचारा," काका म्हणाले, आणि ओट्यावर सरकून त्यांनी तूदाला जागा करून दिली.