शिसं काढलेला झगा

मी एक झगा बोलतोय. गडद निळा, कमरेला घट्ट आणि खाली तंबूसारखा. मला पाहिलं की लोक हमखास म्हणतात, "केवढं हे कापड! दोन खोल्यांचे पडदे झाले असते." झाले असते की. पण पडद्यांना कुणी नाचायला नेत नाही, त्यामुळे झगा झालो तेच बरं.

माझा जन्म एका शिंप्याच्या माळ्यावर झाला. मला शिवून घेतलं ते या घरच्या आजींनी. तेव्हा त्या आजी नव्हत्या, चांगल्या ठसठशीत बाई होत्या. त्यांचं गाव समुद्रकाठच्या कड्यावर. नाचायची जागाही कड्यावरच, आणि तिथे वारा असा, की टोपी घालून निघालेला माणूस घरी बोडका पोचायचा. मला घालून त्यांनी पहिली गिरकी घेतली आणि वाऱ्यानं मला सरळ त्यांच्या डोक्यावर नेऊन ठेवलं. सगळ्या गावानं आजींचे गुडघे पाहिले. आजींना काही दिसलं नाही, त्या आत होत्या.

दुसऱ्याच दिवशी माझी रवानगी शिंप्याकडे. त्यानं माझी खालची दुमड उसवली आणि मासेमारीच्या जाळ्याला लावतात तसे शिशाचे तुकडे, वाटाण्याएवढे, आत ओळीनं शिवून टाकले. "आता वादळ आलं तरी उठणार नाही," तो म्हणाला.

खरंच उठलो नाही. पण जड झालो. मला घेऊन उड्या मारणं शक्यच नव्हतं. मग आजी टाच न उचलता, बारीक बारीक पावलं टाकत घसरत निघाल्या. बघणाऱ्याला वाटावं, बाई उभ्याच आहेत, जमीनच कुणीतरी हळूहळू ओढतंय. गावातल्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. "हा कसला नाच? आमच्या वेळी झगे छपराला लागायचे!" पण त्यांच्या सुनांना तो आवडला. बघता बघता गावातल्या सगळ्या झग्यांत शिसं आलं, आणि आणखी काही वर्षांनी त्याच गावातली माणसं पाहुण्यांना सांगू लागली, "हा आमचा पूर्वापार नाच." पूर्वापार व्हायला माणसांना फारसा वेळ लागत नाही, हे मी स्वतः पाहिलंय.

त्यातूनच एक रीत पडली. मुलगी सासरी निघायच्या दिवशी तिला मधे उभं करायचं आणि आईनं तिच्याभोवती गिरक्या घेत एक फेरा धरायचा. बोलायचं काही नाही. फक्त फेरा.

आजींनंतर मी त्यांच्या सुनेकडे आलो. तिला आता घरात सगळे 'आई' म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. आईंच्या अंगावर मी जग पाहिलं. त्या नाचाच्या एका मंडळात होत्या आणि मंडळाला लांबलांबची आमंत्रणं यायची. आई रंगमंचावर चमकायच्या ते ठीकच, पण माझी खरी मजा रंगपटात, कपड्यांच्या दांडीवर. देशोदेशींचे कपडे तिथे शेजारी शेजारी लटकायचे आणि दार बंद झालं की बोलायला लागायचे.

एकदा माझ्या डावीकडे जाडजूड बूट होते. म्हणाले, "आमच्याकडे पाय आपटले नाहीत तर ते गोठतात. नाच मागाहून आला, आधी थंडी आली." उजवीकडे सुक्या पानांचा एक घेर होता, सारखा सळसळणारा. "आमची सगळी वाळू," तो म्हणाला. "वाळूत पाय आपटून कुणाला ऐकू जाणार? म्हणून आमच्याकडे कंबर बोलते." डोंगरातला एक तोकडा कोट नुसता वर-खाली उडणाऱ्या लोकांचा होता. त्यांच्या अंगणात बाजूला सरकायला जागाच नव्हती, सरकलं की माणूस खालच्या घराच्या छपरावर. आणि हातांपेक्षा लांब बाह्यांचा एक रेशमी अंगरखा होता, मोठा खानदानी. त्याचं म्हणणं असं, की त्यांच्या दरबारात बायकांनी बोटं दाखवायची नाहीत, मग बायकांनी बाह्यांनाच बोलायला शिकवलं.

'नाचता येईना, अंगण वाकडं' असं माणसं हिणवून म्हणतात. त्या दांडीवर लटकून लटकून माझं मत उलटं झालं. अंगण वाकडं असतं, म्हणून तर नाच होतो. सपाट अंगणात माणसं बहुधा धान्य वाळत घालतात.

मग मंडळ मोडलं. आई शहरात आल्या, मुलं झाली, गुडघा कुरकुरायला लागला. मी डांबरगोळ्यांच्या सोबतीनं पेटीत पडून राहिलो. त्या काळाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. डांबरगोळ्या बोलत नाहीत, नुसत्या झिजतात.

पेटी उघडली ती या घरच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा. उघडणारे हात मला नवे होते. घरात नुकतीच सून आली होती. बोलायची इतकी कमी, की नणंदेनं आल्या आठवड्यातच तिचं नाव 'गुपचूप' ठेवलं होतं. पण डोळे सगळीकडे. कुणाला चहा किती गोड लागतो, कोणतं दार वाजतं, सासरे कोणत्या वाक्यानंतर हसायची वाट बघतात, तिला सगळं ठाऊक झालं होतं.

बायका मला पलंगावर पसरून बसल्या होत्या. सासऱ्यांची बहीणही होती, घरच्यांची आत्या. तिनं सुनेकडे मोर्चा वळवला.

"काय गं, तुला नाचता येतं का?"

"येतं."

"अगंबाई, बोलली! कसं नाचता तुमच्याकडे?"

"बसून."

खोलीत असा हशा पिकला की पलीकडून सासरे डोकावून गेले. आत्या डोळे पुसत म्हणाली, "बसून भाजी निवडतात, पोरी! नाचतात कसले?"

सूनही हसली. म्हणाली, "आमचे लोक होड्यांवर राहायचे, आत्या. छप्पर एवढं बुटकं. आणि उभं राहून नाचलं तर सगळं घरच उलटायचं."

"मग आता तुझ्या सासूचा फेरा कोण धरणार? तिचा गुडघा हा असा. बरं झालं, मी आहे." आत्या मला चाचपत म्हणाली. तिचा डोळा माझ्यावर जुनाच होता. आजींनी मला लेकीला न देता सुनेला दिलं, ते ती विसरली नव्हती.

"फेरा मीच धरणार, वन्सं," आई म्हणाल्या. डॉक्टरांनी गुडघ्यावर गिरकी घेऊ नका म्हणून बजावलं होतं. "एकच तर फेरा आहे. झग्याचं वजन आहे ना, एकदा वळलं की तोच मला फिरवतो. माझ्या लेकीभोवती मी दुसऱ्या कुणाला फिरू देणार नाही."

मला धुऊन इस्त्री करायचं काम सुनेकडे आलं. तिनं मोठ्या मायेनं केलं. साबण हातावर घासून पाहिला, पाणी कोमट घेतलं. आणि माझी किनार पिळताना ती एकदम थांबली. बोटांनी तिनं एकेक गाठ दाबून पाहिली. मग कात्री आणली, खालची दुमड उसवली, शिशाचे सगळे तुकडे काढले आणि दुमड पुन्हा इतकी सुबक शिवली की शिंप्यानं शाबासकी दिली असती. तुकडे गेले भंगारवाल्याकडे, जुन्या नळाबरोबर.

मी ओरडलो नसेन का? पण झग्याचं ओरडणं कोण ऐकतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी, कार्यालयाच्या मागच्या खोलीत आईंनी मला अंगावर घातलं. बाहेर वाजवणारे वाद्यं जुळवत होते. आईंनी सवयीनं अर्धी गिरकी घेतली. मी पूर्वीसारखा त्यांना फिरवायला गेलो, पण माझ्यात फिरवण्यासारखं होतं काय? मी भसकन वर आलो, त्यांच्या पायांत गुंडाळलो, आणि आईंनी टेबलाची कड धरली नसती तर लग्नाऐवजी दवाखान्यात वरात गेली असती.

त्या खाली वाकल्या. माझी किनार चिमटीत धरून चाचपली.

"यातलं शिसं कुठे गेलं?"

सून इस्त्री हातात धरून उभी होती. तिनं ती आधी नीट बाजूला ठेवली.

"मी काढलं, आई."

"काढलंस? आणि टाकलंस कुठे?"

"भंगारात."

दारात आत्या होतीच. "घ्या! धुवायला दिला होता गं, सोलायला नव्हे! आण वहिनी तो झगा इकडे, मी घालते. मला शिसं नसलं तरी चालतं."

"तुमचं वजन पुरेल म्हणा," आई तुटकपणे म्हणाल्या, आणि सुनेकडे वळल्या. आवाज चढला नव्हता, पण किनार अजून चिमटीतच होती. "का गं? विचारायचं तरी होतंस. आजच्या एका फेऱ्यासाठी मी हा इतकी वर्षं जपला."

सून म्हणाली, "आमच्याकडे कपड्यात जड काही राहू देत नाहीत, आई. लहानपणापासून आया किनारी आणि खिसे चाचपतात. मला वाटलं, तुम्ही म्हणालात ते वजन कापडाचंच, आणि हे शिसं कुणीतरी न कळता शिवलंय. तुमच्या अंगावर ते नको म्हणून… माझ्या मामाच्या खिशात खिळे राहिले होते. पोहता येत होतं त्याला."

बाहेर ढोलवाला एकाच जागी टक-टक करत होता. आत्या चौकटीला टेकली.

आई हळूहळू खुर्चीत बसल्या. हातानं मला मांडीवर सारखा करत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "बसून कसं नाचतात ते दाखव."

"आता?"

"मग काय वरात गेल्यावर?"

सून त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. आधी खांदे सैल सोडले. मग हात पाण्यावरून फिरल्यासारखे बाजूंना गेले, मनगटं वळली, मान त्यांच्यामागून आली. कमरेपासून खाली काही हललं नाही, आणि तरी अख्खी बाई कुठेतरी दूर जाऊन परत आल्यासारखी वाटली. आईंनी पाहिलं. मग हात उचलून करून पाहिलं. पहिल्यांदा माशा हाकल्यासारखं झालं, दोघी हसल्या. पण आई मुरलेल्या. चाल सुरू होईपर्यंत खांद्यांना वाट सापडली होती.

कार्यालयात मधोमध एक बुटकं स्टूल ठेवलं. आई त्यावर बसल्या आणि सुनेनं मला त्यांच्याभोवती गोल पसरलं. शिसं असतं तर मी पायांशी सरळ कोसळलो असतो. आता हलका होतो, नुसत्या फुंकरीनं लांबवर पसरलो, स्टूल दिसेनासं झालं. नवरी समोर येऊन उभी राहिली, गोंधळली, आणि आईंकडे बघून आपणही खाली बसली. सून नवरीच्या मागे बसली, आई विसरल्याच तर दिसावं म्हणून.

वाद्यं वाजू लागली. लोक कुजबुजले, मग कुजबुज थांबली.

मी या घराण्यातले कितीतरी फेरे पाहिलेत. फेऱ्यात आई सारखी वळत असते, तिचं तोंड मुलीला दिसतं न दिसतं तोच पाठ येते. मला वाटतं, ते बरंच असायचं, रडणं त्यात लपून जायचं. इथे लपायला जागा नव्हती. आईंचे हात मुलीभोवती फिरत होते आणि डोळे तिच्यावरून हलले नाहीत. मुलीचेही नाहीत. चाल संपायला आली तेव्हा दोघींची तोंडं ओली होती आणि एकीनंही पुसली नाहीत.

टाळ्या पडल्या, थोड्या उशिरा. सगळ्यांत आधी आत्या पुढे आली.

"छान झालं. पण वहिनी, हा आपला नाच नव्हे गं."

"नव्हता," आई म्हणाल्या. "आता हात द्या वन्सं, मला उठवत नाही."

आत्यानं हात दिला. एका हातानं नाही जमलं, मग दोन्ही दिले.

त्यानंतर माझी पेटी काही कुणी उघडली नाही, कारण मी तीत परत गेलोच नाही. हल्ली सुनेच्या खोलीत दारामागच्या खुंटीवर असतो. सासरे शिशाचे नवे तुकडे घेऊन आले होते. ते घालायचे की नाही यावर घरात दोन मतं आहेत आणि तुकडे अजून बशीत आहेत. मला कुणी विचारलंच तर सांगीन, काहीही करा, पण डांबरगोळ्यांत नको.

बरं, मला आता निघायला हवं. दुपारची वेळ आहे, घर शांत आहे, आणि सुनेनं आत्ताच दार लोटून मला खुंटीवरून काढलंय. मला घालून ती उभी राहिलीय. हो, उभी. हात भिंतीला, पाय दबकत दबकत, जसं काही घरच उलटणार आहे. एक पाऊल सरकलं. दुसरं अडखळलं. मी उगाच वर उडालो आणि ती तोंडावर हात दाबून हसली.

स्वयंपाकघरातून आईंचा आवाज आला, "टाच वाजतेय गं! टाच उचलायची नाही!"

सुनेनं भिंतीवरचा हात काढला.