एका परातीतला भात

खांब गावातल्या घरात पाय घसरून पडल्यापासून धोंडुबाईला एकटीला ठेवायची लेकीला, नंदाला, धास्ती वाटे. शेवटी म्हातारी रामवाडीला, लेकीच्या घरी, यायला कबूल झाली, पण अट घालून. "ठकी राहील तिथं मी राहीन."

टेम्पोतून म्हातारीमागोमाग तिची कुत्री, ठकी, उतरली. नंदाचा नवरा सुभाष हसला. "लग्नात राहिलेलं आंदण आता आणलंत वाटतं, आई!"

"आंदण नाय, जावई. उरलेलं माणूस हाय माझं."

त्यानं पुढं होऊन तिचं गाठोडं उतरवून घेतलं.

पण त्या घराला आधीच एक राखणदार कुत्रा होता, भुऱ्या. सुभाष रोह्याला कंपनीत रात्रपाळीला गेला की घर भुऱ्याच्या हवाली. ओटी त्याची, पायरी त्याची, पायरीवर उतरणारं ऊनसुद्धा त्याचं. ठकीनं पाऊल उचललं की त्याच्या घशात जातं फिरू लागायचं. मग ती धुण्याच्या दगडाआड अंग चोरून बसायची. खांबला अख्ख्या आळीवर भुंकणारी ठकी इथं मुकी झाली. धोंडुबाई खिडकीतून दगडाकडे बघत राही आणि हलकेच म्हणे,

लेकीच्या गो घरी, आई पाव्हणी दो दिसांची
तिसऱ्या दिसाला गो, वाट धरावी वेशीची

"आये, दुसरं काय येत नाय का तुला?" नंदा वैतागायची.

"येतं. पण ते माझ्या घरात म्हणायचं हाय."

शेजारच्या मृणालीनं रस्त्यावरची दोन कुत्री सांभाळली होती. ती म्हणाली, "काकी, खाणं लांब लांब ठेव. आधी रस्त्यावर फिरव दोघांना, वासाची ओळख होऊ दे. घाई नको गो." नंदानं मान डोलावली. पण दुसऱ्या सकाळी धोंडुबाई गाठोडं बांधायला बसली. "रविवारी मला खांबच्या गाडीत बसव. जिथं मुक्या जिवाला कोपरा नाय, तिथं मी कशी राहू?"

नंदानं गाठोडं ओढून घेतलं. पुन्हा पडली तर उचलायला कोण? तिला आपलं लग्न आठवलं. मांडवात अनोळखी पुरुषाशेजारी एका ताटात जेवायला बसवलं होतं. त्यानं घास दिला, हिनं घेतला. परका होता तो आपला झाला. माणसाला जमतं ते कुत्र्यांना का जमू नये? तिनं परातीत भात निववला, त्यात सुकट कालवली आणि परात अंगणाच्या मधोमध ठेवली.

सुकटीच्या वासानं ठकी दगडाआडून निघाली. भुऱ्या पायरी उतरला. एका परातीत दोन तोंडं. दारात उभी धोंडुबाई इथं आल्यापासून पहिल्यांदा हसली.

मग दोन्ही नाकं एकाच घासाशी आली.

परात उलटली, भात मातीत गेला, केसांचे पुंजके उडाले. नंदा ओरडेपर्यंत म्हातारी लंगडत मध्ये शिरली होती. तिनं हात घातला आणि ती किंचाळली.

झोपेतला सुभाष धावत आला. सासूचा हात रक्तानं माखलेला, भुऱ्याचं तोंड लाल. त्यानं काठी उचलली. "घरच्याच माणसाला चावतोस? आजपासून साखळी तुला, मरेपर्यंत!"

भुऱ्या पळाला नाही. पोट जमिनीला लावून बसून राहिला.

दात कुणाचे ते एकट्या धोंडुबाईला ठाऊक होतं. गप्प बसली असती, तर भुऱ्या साखळीला गेला असता आणि ठकीला अंगण मिळालं असतं. तिनं ठकीच्या फाटलेल्या कानाकडे पाहिलं.

"मारू नका त्याला. माझी ठकी चावली."

काठी खाली आली. नंदानं नळाखाली साबणानं हात धुतला, कितीतरी वेळ धुतला. रिक्षात बसताना म्हातारी जावयाला म्हणाली, "सुई टोचली की कुत्रीला नि मला खांबला सोडा."

दोघं सरकारी दवाखान्यातून परतली, तेव्हा मागच्या दाराशी ठकी बांधलेली होती. कानाला हळद, पुढ्यात पाण्याचं भांडं. भुऱ्या पुढच्या पायरीवर. मधल्या दाराला नंदानं फळी आडवी लावली होती.

"घराला दोन दारं हायत," ती नवऱ्याला म्हणाली. "पुढचं त्याचं, मागचं तिचं. पटेल तेव्हा पटेल. नाय पटलं तरी दोघं इथंच."

"आणि मी कुठल्या दारानं येऊ?" सुभाषनं विचारलं.

"गुरगुर कमी असेल त्या."

धोंडुबाईचा उजवा हात पट्टीत होता. नंदा घास करून पुढे धरत होती, म्हातारी तोंड मिटून होती.

मागच्या दारातून ठकी पाणी पीत असल्याचा लपलप आवाज आला. पुढून लगेच भुऱ्या गुरगुरला. लपलप थांबली. नंदाचा हात तसाच राहिला.

बऱ्याच वेळानं, अगदी हळू, पाणी पुन्हा वाजलं.

म्हातारीनं घासासाठी तोंड उघडलं.