गिटारला नवा गळा

ती दातांची डॉक्टर होती. दिवसभर लोक तिच्यासमोर आ वासून बसायचे, पण संध्याकाळी तिने गिटार हातात घेतली की तिची कुणी दखलच घेत नसे. दखल कशी घेणार? ती ऐकूच येत नव्हती.

बँड तसा घरचाच. धाकटी नणंद ड्रम वाजवायची. ती लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होती आणि मनगटात असा जोर, की ती वाजवायला बसली की खिडकीची तावदानं थरथरायची. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा आणि बँडमध्ये बेस, म्हणजे खालच्या, जाड सुरांची गिटार वाजवायचा. गायला नवऱ्याचा वर्गमित्र. त्याला सगळे लांबू म्हणत. लांबू पोहायला शिकवायचा आणि त्याच्याच वशिल्याने बँडला पहिला खराखुरा कार्यक्रम मिळाला होता. डागडुजीनंतर त्याचा पोहण्याचा तलाव पुन्हा सुरू होणार होता, त्या संध्याकाळी काठावर वाजवायचं!

बातमी ऐकून चौघंही दवाखान्यामागच्या सामानाच्या खोलीत अक्षरशः नाचले. सराव तिथेच चालायचा. नाचून झालं, सराव सुरू झाला आणि नणंदेने मध्येच काठ्या खाली ठेवल्या.

"वहिनी, तू वाजवतेयस की नुसती बोटं नाचवतेयस?"

"अगं, अँपचं आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलंय मी!"

"मग तुझी गिटार गेली कुठे?"

तेच तर तिला कळत नव्हतं. एकटीने वाजवली की गिटार काय भरदार वाजायची! पण चौघं एकत्र वाजवायला लागले की सुरांचा पार चिखल. आवाज वाढवला तर चिखलच वाढायचा.

"पिकअप बदल," लांबूने सुचवलं. "तारांखाली चुंबक असतं ना, भोवती तांब्याची बारीक तार गुंडाळलेली? तारेची थरथर तेच टिपतं आणि अँपकडे पाठवतं. गिटारचा गळाच म्हण ना तो. तुझा गळाच बसलाय."

दुसऱ्या दिवशी दवाखाना बंद करून ती थेट मिशाळकडे गेली. मिशाळ गिटारी बनवायचा, दुरुस्त करायचा आणि तेवढ्या वेळात अखंड बोलायचा. त्याच्याकडे एक अजब गिटार होती. तिच्या पाठीला खोबण होती आणि कपाटाचा खण सरकवावा तसा कुठलाही पिकअप मागून आत सरकवता यायचा.

"बोला, कसा आवाज हवाय?"

"भरीव. दणदणीत. समोरच्याच्या छातीत घुमला पाहिजे."

मिशाळचे डोळे चमकले. एकामागून एक पिकअप सरकवले जाऊ लागले. एक मधाळ वाजला, एक खरखरीत, एक अगदी गुळगुळीत. एकच गिटार, त्याच तारा, तीच बोटं, आणि दर वेळी कुणी निराळंच बोलतंय! तिला जागच्या जागी उड्या माराव्याशा वाटत होत्या. शेवटी दोन गुंडाळ्यांचा एक जोरकस पिकअप आत गेला. तिने तार छेडली आणि टेबलावरचे स्क्रू थरथरले.

"हाच!" ती ओरडली.

"डोळे मिटून घेऊन जा," मिशाळ म्हणाला.

नणंदेने त्याच संध्याकाळी सोल्डरिंग करून पिकअप बसवला. चौघं सज्ज झाले, नणंदेने काठीवर काठी आपटून ताल दिला, आणि...

पुन्हा चिखल. आधीपेक्षा दाट.

तिचं तोंड एवढंसं झालं. नवरा समजूत घालायला पुढे आला, पण तिने गिटार लांबूच्या गळ्यात अडकवली. त्याला जुजबी वाजवता यायची. "हेच सूर वाजवत राहा. कुणी थांबू नका." ती बाहेर पॅसेजमध्ये गेली, दार लावून घेतलं आणि भिंतीला पाठ टेकून ऐकत राहिली. ड्रम ऐकू येत होते. बेस ऐकू येत होता. पण बेसच्या अंगावर आणखी काहीतरी रेलून बसलं होतं. जाडजूड, ऐसपैस.

ती दार ढकलून आत आली ती ओरडतच. "अरे, मी तुझ्या मांडीवर बसलेय!"

नवरा गोरामोरा झाला. "काय?"

"माझी गिटार! तुझ्या बेसच्या जागेवर बसतेय. तू आधीच भरीव, त्यात मीही भरीव. मला वजन नकोय रे, जागा हवीय!"

"तरीच म्हटलं, दादा इतका अवघडलेला का वाजवतो," नणंद म्हणाली.

आता मात्र एकटीने जाऊन निवड करायची नाही, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी अख्खी वरात मिशाळच्या दारात. नवऱ्याने बेस जोडला, नणंदेने मिशाळच्या लाकडी बाकावरची हत्यारं सरळ बाजूला सारली आणि त्यावरच ताल धरला.

"अहो, तो बाक आहे माझा!"

"तुम्ही पिकअप सरकवा हो," ती म्हणाली.

मिशाळने सरकवले. मधाळवाला बेसमध्ये विरघळून गेला, खरखरीतवाला लांबूच्या गाण्याशी भांडायला लागला. मग मिशाळने जरा कां कूं करत एक डबी उघडली. एकाच गुंडाळीचा, कमी ताकदीचा पिकअप. पण तिच्या गिटारच्या मोठ्या खोबणीत बसेल असा. तिने एकटीने वाजवून पाहिला आणि नाक मुरडलं. पत्र्याचा डबा वाजवावा तसा आवाज.

"सगळे मिळून," नवरा म्हणाला.

त्यांनी सुरुवात केली, आणि दुसऱ्याच ओळीला लांबू गायचा थांबला. एकेक तार सुटी, लख्ख ऐकू येत होती. बेस खाली, गाणं मध्ये, आणि त्यांच्यामधल्या फटीतून तिची गिटार उन्हाच्या तिरिपेसारखी आत आली होती. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"थांबलास काय? गा ना!" ती लांबूवर खेकसली. पण हसू तिला आवरेना.

"हा गुणगुणतो बरं का," मिशाळने बजावलं. "जवळ मोटार असली की घूं घूं करेल."

"करू दे!"

त्याने जोरकस पिकअप परत घेतला आणि नवा पिकअप तारांच्या टेकूपाशी बसवला. गिटारच्या मानेपाशी असलेला दुसरा, जुना पिकअप तसाच राहू दिला, कधी ऊब हवी असेल तर. मग नणंदेने स्क्रू फिरवून नवा पिकअप जरा खाली घेतला, तसा आवाज आणखी मोकळा झाला.

तलावाच्या काठावर माणसांची ही गर्दी! ओल्या फरशीपासून लांब, एका लाकडी चौथऱ्यावर त्यांची जागा होती. तिने वायर जोडली आणि अँपमधून मधमाश्यांचं मोहोळ उठावं तशी घरघर सुरू झाली. चौथऱ्यामागच्या खोलीत पाणी गाळणाऱ्या पंपाची मोटार चालू होती.

"बंद कर ती!" तिने लांबूला सांगितलं.

"नाही करता येत. पाणी फिरत राहायला हवं."

लोक बघत होते. पुढच्या रांगेतल्या कुणीतरी कानावर हात ठेवले. काय करावं म्हणून ती नणंदेकडे वळली, आणि घरघर कमी झाली. ती पुन्हा लोकांकडे वळली, घरघर परत. नणंदेकडे वळली, जवळजवळ शांत! गिटारची दिशा बदलली की पिकअप मोटारीची घरघर कमी टिपत होता.

"वन्सं," तिचा चेहरा उजळला आणि ती थट्टेत म्हणाली, "आज तुमच्याकडेच बघत वाजवणार आहे मी."

"बघ, पण हसवू नकोस हं. ताल चुकेल."

नणंदेने ताल दिला. लोकांकडे अर्धी पाठ करून तिने पहिला सूर छेडला आणि तो पाण्यावरून सपकन पलीकडच्या काठाला गेला. तिकडची माणसं वळून बघायला लागली. दुसऱ्या गाण्यात तिने अँपचं बटण चक्क थोडं मागे फिरवलं, तरी एकही तार हरवली नाही. ती ऐकू येत होती! नवरा मान डोलावत होता, नणंद घामाने निथळत दात काढून हसत होती, आणि तिची बोटं हलकी झाली होती.

गाणी संपली. लोक हलेनात. "आणखी एक!" असा ओरडा सुरू झाला. चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. बसवलेलं एकही गाणं उरलं नव्हतं.

"आता?" लांबूने विचारलं.

"मी सुरू करते," ती म्हणाली. "तुम्ही या मागून."

आणि तिने अशी एक धून सुरू केली, जी तिलाही त्या क्षणापर्यंत माहीत नव्हती.